बिनतारणी विश्वास : पंडिता रमाबाईंच्या शोधाची कथा

पंडिता रमाबाईंचे नाव बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत निघाले, की बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एवढी विदुषी, सारे भागवत मुखोद्गत असलेली शास्त्रीबुवांची लेक. तिने असे करावयास नको होते. दुसरा तट म्हणतो, विधवांना आणि निराधार मुलींना तिने जे छत्र दिले, ते त्या काळी दुसऱ्या कोणी दिले, ते सांगा. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत कितीतरी दिवाणखान्यांत मी हा वाद ऐकलेला आहे. वाद करणारे दोन्हीकडचे लोक शहाणे, वाचलेले. तरी अखेरीस दोघेही एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. बाईंना असे दिसले तरी काय? घरातली वडीलधारी बायकामाणसे या प्रश्नाचे उत्तर मोठ्या सहजपणे देत : "काहीतरी दृष्टांत झाला असेल. दृष्टांतावाचून का कोणी आपले घर सोडते?"

हे उत्तर आपल्या मनोवृत्तीला धरूनच आहे. स्वप्नात देव येतो, अमुक जागी मूर्ती आहे म्हणून सांगतो, आणि तिथे देऊळ उभे राहते. आपल्या निम्म्या देवस्थानांच्या कथा अशाच सुरू होतात. परंतु रमाबाईंनी १९०७ साली आपल्या अंतःकरणाच्या प्रवासाची जी साक्ष लिहून ठेवली, ती शांतपणे वाचली म्हणजे ध्यानात येते, की त्यांची गोष्ट अगदी उलट आहे. दृष्टांत मिळावा, चमत्कार घडावा, देवाने काही खूण द्यावी म्हणून या बाईने आयुष्याची पहिली वीस वर्षे घालविली. त्या खुणेचा नाद सुटल्यावर त्यांचा खरा प्रवास सुरू झाला. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. तो आपल्याच एका मराठी घरातला आहे, आणि ज्या प्रश्नाने तो घडविला, तो प्रश्न देवघरासमोर बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

पुराणिकाचे बिऱ्हाड

श्रावणमास दक्षिणेची परंपरा ज्या शहराने पाहिली, त्या शहरातल्या वाचकांना पुराणिकाचे जिणे समजावून सांगण्याची गरज नाही. देवळाच्या मंडपात किंवा नदीकाठच्या झाडाखाली आसन मांडायचे, पोथी सोडायची, सुरावर वाचायची. ऐकणारे येतात, पोथीपुढे फुले, फळे, पैसा-अडका ठेवतात, नमस्कार करून जातात. अनंतशास्त्री डोंगरे यांचे बिऱ्हाड असेच चालले होते.

शास्त्रीबुवा मोठे विद्वान, आणि मनाने आपल्या काळाच्या पुढचे. तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी ते शिकत असताना, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या राणीसाहेबांना शास्त्रीबुवा संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी पाहिले. बायकांनी देवभाषा शिकण्यास हरकत ती कसली, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. पुढे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते संस्कृत शिकवू लागले. घरच्यांचा आणि समाजाचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे घर बांधले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावरून मुलीला डोंगराखाली आणले. तेव्हापासून घर असे त्या मुलीला राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ. आईच्या तोंडून ऐकता ऐकता भागवताचे अठरा हजार श्लोक तिला पाठ झाले.

या कुटुंबाची देवावरची निष्ठा लटकी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. जवळचे होते नव्हते ते त्यांनी दानधर्मात घातले. व्रते केली, उपवास केले, मंत्रांची पुरश्चरणे केली. देव प्रसन्न होतो आणि भक्ताचे दारिद्र्य फिटते, असे पोथीत लिहिलेले आहे. ते लिहिलेले खरे आहे, एवढाच त्यांचा हिशोब होता.

अकरा दिवस

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा या हिशोबाची कसोटी लागली. पोथीपुढे पैसा ठेवणारेच उपाशी मरू लागले, तिथे पुराणिकाला कोण विचारणार? बाईंनी पुढे आपल्या कुटुंबाबद्दल निष्ठुर सत्य लिहिले आहे. काम करून चार पैसे मिळवावे, असे कोणाच्या मनात आले नाही. ब्राह्मणाने, त्यातून शास्त्र्याच्या घराने, मजुरी कशी करावी? भीक मागण्याचीही लाज. मग उरला तो एकच मार्ग : देव काही करील, याची वाट पाहायची. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, धान्याचा शेवटचा दाणा संपला. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात हे कुटुंब शिरले, ते मरण यावे म्हणूनच. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या.

अनंतशास्त्री तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले आणि दृष्टीने अधू. पवित्र तीर्थात जलसमाधी घ्यावी, असा त्यांचा निश्चय झाला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की मी मजुरी करतो. शास्त्र्याच्या मुलाने हे म्हणणे, ही त्या घरातली पहिली क्रांती होय. पण तिला उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले. जाताना धाकट्या लेकीला जवळ घेऊन, देवाची सेवा करून नीतीने राहा, असा उपदेश त्यांनी केला. पाठोपाठ आई गेली. स्मशान तीन मैलांवर होते, आणि तिरडीला खांदेकरी पुरेसे मिळेनात. तेव्हा लेकीनेच खांदा दिला, आणि उंची पुरेना म्हणून तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली. राहिली ती दोन भावंडे.

हा प्रसंग वाचताना मनात येते, की एवढ्या आर्त प्रार्थनेला उत्तर मिळाले नाही म्हणून ही मुलगी नास्तिक झाली असती, तरी कोणी दोष दिला नसता. ती नास्तिक झाली नाही. ती फक्त बारकाईने पाहू लागली.

तरंगते डोंगर

भावंडांनी पुढे पायी हिंदुस्थान पालथा घातला. सुमारे चार हजार मैलांची ही पायपीट. वाटेत एक प्रसंग घडला, आणि तो मला त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली वाटतो.

हिमालयातल्या एका सरोवरात सात डोंगर तरंगतात, अशी ख्याती त्यांच्या कानावर आली. यात्रेकरूने काठावर उभे राहून प्रार्थना करावी. तो निष्पाप असेल, तर डोंगर आपण होऊन त्याच्याकडे चालत येतात, आणि पापी असेल, तर जागचे हलत नाहीत. भावंडे तेथे पोचली. सरोवर होते, आणि डोंगरही होते. पुजाऱ्यांनी बजावले, की खोल पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवासाने ऐकले आणि मनात ठेवले. पहाटे कोणी नाही असे पाहून तो पाण्यात शिरला आणि पोहत डोंगराजवळ गेला. पाहतो तो तराफ्यांवर दगडमाती रचून वर झाडे लावलेली, आणि पलीकडच्या बाजूला एक नाव. यात्रेकरूने भरपूर दक्षिणा दिली, म्हणजे नावेतल्या माणसाने मागून ढकलावे, आणि पुण्यवंताकडे डोंगर चालत यावा!

लबाडी उघडकीस आली, एवढाच या गोष्टीचा अर्थ नव्हे. लबाड पुजारी सगळ्या धर्मांत असतात, आणि त्यांना पकडणारेही असतात. मला यात वेगळेच दिसते. त्या यात्रेकरूंना सरोवरापाशी कोणी ओढून आणले होते? त्यांचीच एक तहान : आपण निष्पाप आहोत, आपला स्वीकार झाला आहे, हे डोळ्यांनी दिसावे. ती तहान खोटी नव्हती. तिला दिलेले पाणी खोटे होते. रमाबाईंची तहान तराफे पाहून संपली नाही. मात्र डोंगर हलण्याची वाट पाहणे त्या दिवसापासून संपले.

ज्ञानाची वाट

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास आली. भागवत मुखोद्गत असलेली ही वीस वर्षांची अविवाहित मुलगी पाहून पंडितसभा थक्क झाली, आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या तिला मिळाल्या. येथेच ख्रिस्ती मंडळींशी त्यांची पहिली गाठ पडली. एका उपासनेला ही दोघे गेली असता, लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटतात, हे पाहून यांचा देव खुर्ची असावा, असे त्यांना वाटले! संस्कृत बायबलाची एक प्रत त्यांना भेट मिळाली, पण तिची भाषा यांच्या पोथ्यांहून निराळी. त्यात मन रमले नाही. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची पोथी दिली. स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही, असे मानणाऱ्या रमाबाई बिचकत बिचकत ती वाचू लागल्या.

पुढे भाऊ गेला. १८८० साली बंगाली वकील बिपिन बिहारीदास मेधावी यांच्याशी नोंदणीने विवाह झाला, आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच पटकीने पतीही गेले. मांडीवर मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी. आसामात सिल्चरच्या त्या घरातच बंगालीतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती लागले होते. ते कोणी आणले, कसे आले, हे त्यांनाही सांगता आले नाही. याला दृष्टांत म्हणणारे म्हणोत. बाईंनी तसे म्हटलेले नाही.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा मनोदय होता. पण कान अधू होत चालल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीसंप्रदायात त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनी बहकलेल्या बायकांना पोटाशी धरून पुन्हा माणसांत आणतात, हे त्यांनी लंडनजवळच्या एका आश्रमात पाहिले. असे का करता, म्हणून विचारले. तेव्हा कोणीतरी त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाण्याला आलेली, जातीने हलकी ठरलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी आदराने बोलणारा ख्रिस्त. स्त्रीला जन्मामुळे किंवा आचरणामुळे कायमची बाहेर न ठेवणारा देव आपण प्रथम येथे पाहिला, असे त्यांना वाटले. काशीच्या चित्पावन शास्त्र्यांच्या घरात वाढून १८४८ साली ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, यांच्या पत्रांनी उरलेल्या शंकांची उत्तरे दिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवरची सारी वाट ज्ञानाची आहे. त्या वाटेत कोठेही आकाशवाणी नाही की प्रकाश नाही. आहे तो शास्त्र्याच्या मुलीचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. बाप्तिस्मा झाला म्हणून हा वाद थांबला नाही. देवाचे त्रैक्य कोणत्या आधाराने मानू, म्हणून त्यांनी आपल्या गुरुभगिनींना पत्रांमागून पत्रे लिहून हैराण केले. इकडच्या भिक्षुकशाहीचे जोखड मी नुकतेच मानेवरून उतरविले आहे, तिकडच्या धर्माधिकाऱ्यांचे पुन्हा चढविणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले.

'तारण' या शब्दाविषयी

पुढच्या टप्प्याकडे वळण्यापूर्वी एका शब्दाशी थोडे थांबतो. इंग्रजीत ज्याला साल्व्हेशन म्हणतात, त्याला मराठी ख्रिस्ती माणूस 'तारण' म्हणतो, आणि ख्रिस्ताला 'तारणारा'. आता बडोदेकराच्या कानाला 'तारण' म्हटले की आधी काय ऐकू येते? सयाजीराव महाराजांनी १९०८ साली येथे बँक ऑफ बडोदा काढली, आणि तेव्हापासून आपल्यांतल्या कितीतरी घरांत एखादा तरी बँकेतला माणूस निघतो. तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेले सोने, घर, जमीन. ऋणकोचा भरवसा नसतो, म्हणून तारण मागायचे. जेथे भरवसा पुरेपूर असतो, तेथे बिनतारणी कर्जही देता येते.

एका शब्दात हे दोन अर्थ असावेत, याची मला मोठी मौज वाटते. कारण चमत्कार मागणारा माणूस तरी दुसरे काय करतो? तो देवाला म्हणतो, आधी तारण ठेव, मग माझा विश्वास घे. मुलगा बरा कर, नोकरी लाव, डोंगर हलव. मग मी तुझा. आणि याची दुसरीही बाजू आहे. पुण्य साठविणारा माणूस आपले तारण देवाकडे ठेवीत असतो : एवढे उपवास, एवढे दान, एवढी समाजसेवा, आता मला तार. मागितलेले असो की ठेवलेले असो, व्यवहार तोच. त्यात हिशोब असतो, विश्वास नसतो.

ख्रिस्ताकडेही लोकांनी आकाशातले चिन्ह मागितले होते, आणि त्याने ते देण्याचे नाकारले, असे शुभवर्तमानात आहे. पौलाने करिंथच्या मंडळींना लिहिताना यहुदी लोक चिन्हे मागतात आणि ग्रीक लोक ज्ञान शोधतात, असा भेद करून, आपला मार्ग या दोहोंहून वेगळा असल्याचे सांगितले. रमाबाई या दोन्ही वाटांनी चाललेल्या होत्या. विसाव्या वर्षापर्यंत त्या चिन्हे मागत होत्या, आणि पुढे तेहतिसाव्या वर्षापर्यंत ज्ञान शोधीत होत्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन निघाले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. नाव झाले, काम वाढले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, की या बाईंना आता काय कमी? पण बाईंना आतून चैन नव्हते. अशा वेळी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ रीतसर दीक्षा घेतलेला, कष्टाळू, सत्प्रवृत्त पाद्री. वर्षानुवर्षे काम केल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपण दुसऱ्यांना जे सांगतो, ते आपल्याला लाभलेलेच नाही. पुस्तक वाचता वाचता रमाबाईंना स्वतःचे चित्र दिसले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पटला, त्याची सेवाही केली. परंतु ज्याच्यावर तो उभा आहे, तो ख्रिस्त काही आपल्याला भेटला नाही, असे त्यांनी स्वतःशी कबूल केले. आणि यासाठी आणखी काही करावयाचे नाही, आणखी काही सिद्ध व्हावयाचे नाही. जसे आहोत तसे स्वतःला त्याच्या हाती सोपवायचे, एवढेच उरले आहे, असे त्यांना उमगले. वडिलांचे दान फुकट गेले, ते दान कमी पडले म्हणून नव्हे. मुळात जे विकत मिळतच नाही, त्याची ती किंमत होती. शारदासदन ही उत्तम गोष्ट खरी, पण तीही किंमत म्हणून चालणार नव्हती.

मराठी बायबलात यासाठी 'विश्वास' हा शब्द योजिला आहे, तो मला फार नेमका वाटतो. श्रद्धा आपण ग्रंथावर, परंपरेवर, पितरांवरही ठेवतो. विश्वास टाकायचा तो माणसावर. त्याला समोर कोणीतरी लागते.

आपल्या संतांना हे अपरिचित होते, असे मात्र कोणी समजू नये. ज्ञानदेवांनी भिंत चालविली, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने कोरड्या परत दिल्या, या कथा आपण प्रेमाने ऐकतो. पण त्याच संतांनी ऋद्धिसिद्धींना परमार्थाच्या वाटेवरची अडचण मानले. वारकरी पंढरीस जातो, तो विठोबाने विटेवरून उतरून दाखवावे म्हणून नव्हे. तो नुसता उभा आहे, एवढे त्याला पुरते. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानीत राहिले, ते उगीच नव्हे. नागपूर ते राजनांदगाव या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी घरी नेऊन वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. त्यांनाही धरून ठेवले ते शब्दांनी.

भुकेचा प्रश्न

आता या कथेतला अवघड भाग. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शारदासदनातल्या मुली बाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात रान उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. त्यानंतर १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तेथे 'मुक्ती' उभी राहिली.

मग आला तो आपल्या मुलखातला दुष्काळ. संवत १९५६ चा, म्हणून त्याचे नाव 'छप्पनियो'. आमच्या आत्याबाई आपल्या आईकडून ऐकलेले सांगत, की त्या साली दाराशी येणारी माणसे भाकरी मागत नसत. भांडे धुतलेले पाणी मागत. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४,१५,३९६ होती, ती १९०१ च्या शिरगणतीत १९,५२,६९२ भरली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक कमी झाले! या दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावास नेल्या. मुक्तीतली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. उपाशी मुलीला भाकरी दिली आणि भाकरी देणाऱ्याचा देवही दिला, तर तिचा विश्वास तिचा म्हणावा काय? भाकरी हेच तिच्यापुरते चिन्ह झाले नाही काय? जी बाई चिन्हावाचूनच्या विश्वासाचे एवढे माहात्म्य सांगते, तिला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्याचे पुरे उत्तर मला त्यांच्या लेखनात सापडत नाही, आणि प्रत्येक मुलीच्या मनातले आज कोण सांगणार?

पण दोन गोष्टी त्याच तराजूत टाकल्या पाहिजेत. पहिली अशी, की दुष्काळ काय असतो, हे रमाबाईंनी रानातल्या अकरा दिवसांत अंगावर घेतले होते. त्या मध्यप्रांतात गेल्या, त्या त्या आठवणीने. भुकेल्याला आधी धर्म विचारावा, की आधी ताट वाढावे, याचा खल करण्याएवढी फुरसत त्यांच्या स्मृतीने त्यांना ठेवली नव्हती. दुसरी गोष्ट, मुक्तीत नुसत्या प्रार्थना नव्हत्या. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना, असे नाना उद्योग मुलींना शिकविले जात. देव काही करील म्हणून हात बांधून बसलेल्या घरातली ही मुलगी. आपल्या हाताखालच्या एकाही मुलीला तिने हात बांधून बसू दिले नाही. विश्वास म्हणजे कष्टाला सुट्टी नव्हे, हे तिला वडिलांच्या मरणाने शिकविले होते.

मुक्तीतला अग्नी

आणि मग दैवाची गंमत पाहा. जिने चिन्हे मागणे सोडले, तिच्या अंगणात चिन्हे न मागता आली.

१९०४ साली वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट उठल्याची वार्ता आली होती. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुक्तीत रोजची सामुदायिक प्रार्थना सुरू केली. जूनअखेरीस एका पहाटे एक मुलगी, आपल्या अंगात अग्नी उतरला आहे, म्हणून ओरडू लागली. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणावयास धावली. तिला सखीचे अंग खरोखर पेटलेले वाटले! पुढे शेकडो मुली रडत, पापे कबूल करीत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करीत. पुढल्या दीड-दोन वर्षांत काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघू लागल्या. देशोदेशींचे लोक केडगावास पाहावयास येऊ लागले. काही टीकाकारांनी याला उन्माद म्हटले, आणि काही भक्तांनी उलटी टोकाची भूमिका घेतली, की ज्याला हे चिन्ह नाही, त्याला पवित्र आत्मा लाभलाच नाही.

या ऐन गलबल्यात रमाबाईंनी घेतलेली भूमिका मला त्यांच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा मोलाची वाटते. त्यांनी या प्रकारांना दडपले नाही. हिंदी माणसाची भक्ती हिंदी रीतीनेच उचंबळणार, तिला इंग्रजी प्रार्थनेचे शिस्तशीर माप लावू नका, असे त्यांनी परदेशी टीकाकारांना सुनावले. मात्र चिन्हाला कसोटी करण्यास त्यांनी नकार दिला. रोग बरे करणे, अनोळखी भाषा बोलणे ही देणगी असेल तर असो, टाकून देऊ नये. पण आत्मा लाभल्याची खरी आणि अवश्य खूण एकच, ती म्हणजे प्रेम, असे त्यांनी १९०७ मध्ये आपल्या मुक्तीच्या पत्रिकेत लिहिले. सरोवरातले डोंगर ज्याने एकदा मागच्या बाजूने पाहिले आहेत, त्याचाच हा तोल. आणि ध्यानात असू द्या, की येथे कोणतीही लबाडी नव्हती. मुलींचा अनुभव सच्चा होता. खोटा चमत्कार ओळखून दूर सारणे सोपे. सच्चा अनुभवसुद्धा विश्वासाचा पाया करावयाचा नाही, हे फार कठीण.

अखेरची वर्षे

अखेरची वर्षे त्यांनी एका निराळ्याच कामाला वाहिली. अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा साध्या मराठीत सगळे बायबल आणावयाचे त्यांनी ठरविले. त्यासाठी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. भाषांतर त्यांचे, आणि खिळे जुळविणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीतल्या बायकांचे. ज्या धर्मात आपण वाढलो, त्यात बायकांना वेद वाचण्याचा अधिकार नव्हता, हे त्या विसरल्या नव्हत्या. नव्या धर्माचा ग्रंथही पंडिती भाषेच्या कुलपात राहू नये, एवढी त्यांची जिद्द होती.

हे काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. एकुलती एक लेक, वय चाळीस, मुक्तीची पुढली धनीण म्हणून आईने तयार केलेली. ज्या अंगणात अग्नी उतरला, अनोळखी भाषा ऐकू आल्या, तेथे या आजारी मुलीसाठी किती प्रार्थना झाल्या असतील, याची कल्पनाच करावी. त्या वेळी डोंगर हलला नाही. रमाबाईंचे स्वतःचे कानही तरुणपणापासून अधू होते, ते कधी बरे झाले नाहीत. १८७४ साली रानात जी मुलगी देवाच्या उत्तराची वाट पाहत होती, तिला १९२१ सालीही हवे ते उत्तर मिळाले नाही.

फरक एवढाच, की या वेळी त्यांनी ते तारण म्हणून मागितलेलेच नव्हते. लेक गेल्यावरही भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले, आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे मराठी बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने वाचकांनी एकदा तेथे उतरून पाहावे.

बाईंनी धर्म बदलला, हे योग्य की अयोग्य, हा वाद आपल्या बैठकींत पुढेही चालेल, आणि चालू द्यावा. परंतु देवाला नवस बोलताना, अंगारा लावताना, एखाद्या बुवाच्या दारी रांगेत उभे राहताना आपण नक्की काय मागत आहोत, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने आपल्यापुढे ठेवला आहे, आणि तो कोणत्याही एका धर्माचा नाही. मुलाच्या उशाशी रात्रभर बसणारी आई ताप उतरावा म्हणून प्रार्थना करणारच. तिला कोण नको म्हणेल? पण ताप उतरला नाही, तर सकाळी ती देव्हाऱ्यातला दिवा लावील की नाही, यावर तिचा हिशोब किती आणि विश्वास किती, हे ठरते.